मदत हवी आहे: आरपीमध्ये माझी पोस्ट पडली की सीनच थांबतो

गंगापूररोडवाला
लोकहो पटकन मदत करा. आमच्या आरपीमध्ये बाकीचे एकमेकांना धडाधड उत्तरं देतात, माझी पोस्ट पडली की सगळे गप्प, मग कोणीतरी मला वळसा घालून पुढे जातं. सगळ्यात मोठं मीच लिहितो, शुद्धलेखन बघतो, वर्णनं पण भरपूर असतात. आज रात्री माझा टर्न आहे, नाही टाकली तर जीएम (गेममास्टर, खेळ चालवणारा) स्किप करणार म्हणतोय. चांगली पोस्ट लिहायची कशी ते सांगा, "वाचन वाढवा" सोडून.

सिडकोचा_राजा
आरपी म्हणजे काय भो? शेअरचं काही आहे का?

जुनीजाणती
राजे, आरपी म्हणजे रोलप्ले, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि पोस्ट लिहून सगळ्यांनी मिळून गोष्ट पुढे न्यायची. गंगापूररोडवाले, कुठे खेळताय, डिस्कॉर्डवर का व्हॉट्सअ‍ॅपवर? किती जण? फासे आहेत का नुसतं लेखन? पोस्ट न दाखवता विचारणं म्हणजे डॉक्टरला फोनवर "दुखतंय" एवढंच सांगण्यासारखं झालं.

गंगापूररोडवाला
डिस्कॉर्डच, अजून कुठे. पाच जण. फासे नाहीत. पेशवाई आहे.

फासेबहाद्दर
फासे नाहीत तिथेच घोळ आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फाशांचा आरपी 1974 पासून चाललाय तो उगाच का? वीस बाजूंचा फासा टाकायचा, निकाल लागला की समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं. डिस्कॉर्डवर बॉट मिळतात, पाच मिनिटांचं काम आहे.

जुनीजाणती
फासेबहाद्दर, त्यांनी फाशांबद्दल विचारलंय का? गंगापूररोडवाले, पोस्ट टाका आधी.

गंगापूररोडवाला
घ्या. साल 1765 आहे, मी यशवंतराव.

"यशवंतराव रामकुंडाच्या पायरीवर उभा होता. दूर काळारामाचं पाषाणी शिखर चांदण्यात न्हात होतं. त्याला वडिलांची आठवण आली. पानिपतावरून ते परतलेच नव्हते. (इथे आठवणींच्या वीसेक ओळी आहेत, त्या गाळतोय.) नावाडीण सखू त्याला बघून घाबरली आणि तिने लपवलेली चिठ्ठी मुकाट्याने त्याच्या हातात ठेवली. चिठ्ठी वाचून त्याचं मन सुन्न झालं. तो विचार करत उभा राहिला."

घंटानाद
1765 ला हे शिखर कुठून आणलंत? काळारामाचं आत्ताचं देऊळ सरदार ओढेकरांनी बांधलं, ते 1780 च्या नंतरचं. त्यापेक्षा नारोशंकराची घंटा घ्या. देऊळ 1747 चं, आणि घंटा 1739 ला वसई जिंकली तिथली.

मखमलाबाद_नाका
कोणाला पडलंय राव, गोष्टच आहे ना ती. पोस्ट मस्त आहे. एका ओळीत "हो म्हणाला" टाकणाऱ्यांनी आरपीची वाट लावलीय, मोठं लिहिणाऱ्याला नावं ठेवू नका.

घंटानाद
गोष्ट आहे म्हणून मग उद्या त्याला पंचवटी एक्सप्रेसने पुण्याला पाठवा.

मखमलाबाद_नाका
पंचवटी एक्सप्रेस मुंबईला जाते.

जुनीजाणती
दोघं जरा थांबा. सखू तुमचं पात्र आहे का?

गंगापूररोडवाला
नाही, दुसरी एक मेंबर आहे, ती खेळते.

जुनीजाणती
मग ती घाबरली, तिने चिठ्ठी दिली, हे तुम्ही कोण ठरवणार? याला गॉडमोडिंग म्हणतात. आणि चिठ्ठी तिने लपवलीय हे यशवंतरावाला कळलं कसं?

गंगापूररोडवाला
आधीच्या सीनमध्ये तिनेच लिहिलंय ना, मी वाचलंय.

जुनीजाणती
तुम्ही वाचलंय. यशवंतराव होता का तिथे?

गंगापूररोडवाला
नव्हता. पण मग सीन पुढे कसा न्यायचा? तिच्यासाठी थांबलो असतो तर चिठ्ठी मिळालीच नसती.

जुनीजाणती
नाही मिळाली तर नाही मिळाली. आता तुमचा शेवट बघा. चिठ्ठी मिळाली, वाचून झाली, यशवंतराव विचार करतोय. त्या बिचारीने काय लिहायचं, "सखूसुद्धा विचार करत उभी राहिली"? पानिपत ठेवा, पण दोन ओळींत, तेही तिला दिसेल ऐकू येईल असं. मनातल्या मनात आठवलेलं सखूला कसं कळणार? म्हणजे साधारण असं:

"सखूची होडी सुटायच्या आत यशवंतरावाने दोर पायाखाली दाबला. आनंदवल्लीकडून आलेली होडी इतक्या रात्री रामकुंडाला कशाला लागली, हे त्याला कळेना. 'पानिपताला बाप गेला तेव्हापासून रात्री झोप येत नाही मला,' तो म्हणाला, 'म्हणून दिसतं सगळं. कमरेला काय खोचलंयस?'"

इथे थांबा. ती खोटं बोलेल, पाण्यात उडी मारेल, नाहीतर उलट तुमच्याच बापाबद्दल काहीतरी सांगेल. उत्तर द्यायला तिच्याकडे काहीतरी आहे. बाकी तुमची भाषा चांगली आहे, तिला हात लावू नका.

मखमलाबाद_नाका
हे छोटं झालं पण.

जुनीजाणती
मग वाढवा, दोर, पाणी, तिचा हात कुठे जातोय, काय हवं ते लिहा. फक्त शेवट उघडा सोडा. आणि जीएमला एक कंसातला ओओसी (पात्र बाजूला ठेवून, स्वतः म्हणून लिहिलेला) मेसेज टाका, सखूवाल्या मेंबरला चिठ्ठीचं पुढे काय करायचंय ते विचारा. आमच्या ग्रुपमध्ये निम्मी भांडणं त्यानेच मिटायची.

गंगापूररोडवाला
आणि तिने चिठ्ठी नाहीच दिली तर?

जुनीजाणती
तर हिसकवायला बघा. "हिसकावली" असं लिहू नका म्हणजे झालं.

गंगापूररोडवाला
टाकली. शिखर काढून घंटा घातली. कोणी वसईचं विचारलं तर घंटानादांकडे पाठवणार.

फासेबहाद्दर
पाच जणांत सहावा चालेल का? फासे माझे.