शाळा म्हणते ‘ऑटिझमचं निदान येईपर्यंत थांबा’: ईएचसीपीचा अनुभव असलेल्यांनी कृपया लिहावं

प्रेषक: कार्यकारिणी

नमस्कार मंडळी,

खालचं पत्र आपल्या एका सभासद भगिनीचं आहे. नाव न देता पुढे पाठवावं अशी त्यांची विनंती आहे. (ईएचसीपी म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलाला कोणती मदत मिळेल हे लिहिलेली काउन्सिलची, म्हणजे स्थानिक प्रशासनाची, योजना.) उत्तरं सगळ्यांना जातील अशीच द्या, आणखी कुणाला तरी उपयोग होईल. मुलांची, शाळांची, काउन्सिलची नावं मात्र घालू नका.

*

सर्वांना नमस्कार.

आमचा मुलगा सहा वर्षांचा आहे, इयर वनमध्ये. दीड वर्षापूर्वी आम्ही पुण्याहून इंग्लंडला आलो. मिस्टर स्किल्ड वर्कर व्हिसावर आहेत. मुलगा कमी बोलतो. मराठीत दोन-तीन शब्दांची वाक्यं, इंग्रजीत सुटे शब्द. आकडे, बसचे नंबर, स्टेशनांची नावं मात्र तोंडपाठ. वर्गात गलका झाला की कानांवर हात घेऊन टेबलाखाली जाऊन बसतो. गेले दोन महिने आठवड्यातून दोनदा तरी जेवणाच्या सुट्टीत शाळेचा फोन येतो, ‘आज त्याला जड जातंय, घरी न्याल का?’ मी जाऊन घेऊन येते. मी नोकरी शोधत होते, ते सध्या सोडून दिलंय.

ऑटिझमच्या तपासणीसाठी नाव घातलंय, पण रांग दोन वर्षांची आहे असं सांगितलं. सेन्को (शाळेत विशेष गरजांच्या मुलांची व्यवस्था बघणाऱ्या) मॅडम स्वभावाने चांगल्या आहेत. पण त्यांचं म्हणणं, निदान हातात आल्याशिवाय ईएचसीपीचा अर्ज करण्यात अर्थ नाही, आणि घरची भाषा वेगळी असल्यामुळे आधी त्याचं इंग्रजी सुधारू दे. घरी मराठी बंद करून बघा, असंही मागच्या मीटिंगमध्ये सुचवलं.

खरंच थांबायचं का? आणि अर्ज केला तर व्हिसावर, पुढे आयएलआरवर (इथल्या कायम वास्तव्याच्या परवानगीवर) काही परिणाम होतो का? सासरी सगळे म्हणतात, ‘मुलगे उशिराच बोलतात, त्याच्यावर शिक्का कशाला मारून घेता?’ मला रात्र रात्र झोप लागत नाही. कुणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.

*

प्रेषक: एक आई, मिडलँड्सहून

ताई,

तू माझ्यापेक्षा लहान असशील असं धरून अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

थांबू नकोस. मी दीड वर्ष थांबले होते, ते आजही सलतं. माझा लेक आता तेरा वर्षांचा आहे. तो तुझ्या लेकाएवढा होता तेव्हा मलाही हेच सांगितलं होतं: आधी निदान, मग शाळेने स्वतःचे सहा हजार पौंड खर्च केल्याचा हिशोब, मग दोन टर्मची निरीक्षणं. यातली एकही अट कायद्यात नाही. चिल्ड्रन अँड फॅमिलीज अ‍ॅक्ट, 2014, कलम 36(8) वाच. काउन्सिलने दोनच गोष्टी बघायच्या असतात. मुलाला विशेष शैक्षणिक गरजा आहेत किंवा असू शकतात का, आणि त्यासाठी योजना करून मदत पुरवणं आवश्यक असू शकेल का. ‘असू शकेल’ हे कायद्यातच लिहिलंय. निदानाचा त्यात उल्लेखही नाही.

अर्ज शाळेनेच करायला हवा असंही नाही. आईवडील थेट काउन्सिलला ईमेल करू शकतात. इप्सिया नावाच्या संस्थेच्या वेबसाइटवर पत्राचा नमुना फुकट मिळतो, त्यात फक्त आपली माहिती भरायची. अर्ज पोचल्यापासून सहा आठवड्यांत काउन्सिलने ‘तपासणी करतो’ किंवा ‘करत नाही’ हे कळवायचं असतं, आणि योजना द्यायची ठरली तर अर्जापासून वीस आठवड्यांत ती अंतिम होऊन हातात पडायला हवी. माझी पडली नाही, उशीर झाला. पण मुदत ठाऊक होती म्हणून वीस आठवडे उलटल्यावर दर सोमवारी एक ईमेल टाकत राहिले.

आता ते दुपारचे फोन. मुलाला ‘शांत व्हायला’ म्हणून घरी पाठवायचं आणि त्याची एक्सक्लूजन (शाळेत यायला मनाई) म्हणून रीतसर नोंद करायची नाही, हे इथे बेकायदेशीर आहे, आईवडील राजी असले तरीही. म्हणून सेन्कोशी भांडायला जाऊ नकोस, त्यांच्याशी तुला अजून कित्येक वर्षं काम पडणार आहे. फक्त ज्या दिवशी फोन येईल त्याच संध्याकाळी शाळेला चार ओळींचा ईमेल कर: ‘आज 12.50 ला फोन आला, 1.15 ला त्याला घरी आणलं, कारण अमुक सांगितलं.’ झालं. दोन महिन्यांत हीच चळत तुझा सगळ्यात मोठा पुरावा होईल. शाळेत सगळं ठीक चाललंय असं मग कुणाला म्हणता येत नाही.

आणि वही ठेव. आमच्याकडे ती सासूबाईंनी ठेवली. सहा महिन्यांसाठी आल्या होत्या, आणि त्यांचंही मत सुरुवातीला तुझ्या सासरच्यांसारखंच होतं, याचे काकाही चौथ्या वर्षी बोलले वगैरे. पण दुपारी शाळेतून आलेलं पोर त्या रोज बघत होत्या. एक दिवस आपणहून वही मागितली आणि मराठीत लिहायला लागल्या. ‘आज आल्यावर पाऊण तास दाराशी बसून होता, बूट काढू दिले नाहीत.’ ‘आज जेवला नाही, पोळी चौकोनी झाली म्हणून.’ ‘आज शेजारी गवत कापत होते, पलंगाखाली गेला, अंथरूण ओलं केलं.’ मी त्यातली तीन आठवड्यांची पानं इंग्रजीत उतरवून अर्जाला जोडली. एज्युकेशनल सायकॉलॉजिस्ट घरी आल्या तेव्हा त्यांनी ती मूळ वही मागून घेऊन पाहिली, अक्षर कळत नव्हतं तरी. शिक्क्याबद्दल सासूबाई पुन्हा कधी बोलल्या नाहीत. तुझ्या घरच्यांनाही काहीतरी काम दे, मत आपोआप बदलेल.

काउन्सिलने आम्हाला पहिल्यांदा तपासणीलाच नकार दिला. बऱ्याच जणांना देतात. तो दिवस फार वाईट गेला, पण नकाराच्या पत्रातच अपिलाचा हक्क लिहिलेला असतो. पत्राच्या तारखेपासून दोन महिने, किंवा मीडिएशनचं (काउन्सिलशी मध्यस्थामार्फत बोलणी करण्याचं) सर्टिफिकेट मिळाल्यापासून एक महिना, यातली जी मुदत नंतर संपेल ती. मीडिएशनला बसायलाच हवं असं नाही. नको असेल तर तसं सांगून सर्टिफिकेट घेता येतं. ट्रायब्यूनलला (अपील ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाला) फी नाही आणि वकील नसला तरी चालतो. आमचं प्रकरण सुनावणीपर्यंत गेलंच नाही, तीन आठवडे आधी काउन्सिलनेच तपासणी मान्य केली. या एका गोष्टीचा मला अजून राग येतो. नाही म्हणायचं आणि जो परत येईल त्यालाच द्यायचं. ज्या आईला इंग्रजी पत्राची भीती वाटते, ती परत जात नाही, आणि तिचं मूल तसंच राहतं.

तपासणीनंतर योजनेचा मसुदा आला की खरं काम सुरू होतं. उत्तराला पंधराच दिवस मिळतात, ते राखून ठेव. बी विभागात मुलाच्या गरजा असतात, एफ विभागात त्यांवरची मदत. एकेका गरजेवर बोट ठेवून बघायचं, तिच्यासमोर एफमध्ये काय आहे? आमच्या मसुद्यात होतं ‘स्पीच थेरपीची नियमित संधी मिळेल’. नियमित म्हणजे वर्षातून एकदाही होतं. आम्ही बदलून घेतलं: थेरपिस्टकडून दर आठवड्याला अर्धा तास, एकट्याने, आणि तिने शिकवलेल्या टीएकडून (वर्गातल्या मदतनिसाकडून) रोज पंधरा मिनिटं. कोण, किती वेळ, किती वेळा, हे तिन्ही आल्याशिवाय ओळ सोडू नकोस. कारण एफमध्ये जे लिहिलं ते पुरवणं काउन्सिलवर बंधनकारक आहे, पैसे नाहीत म्हणून टाळता येत नाही. स्पीच थेरपी जी विभागात, म्हणजे आरोग्याच्या खात्यात, टाकलेली दिसली तर तीही एफमध्ये आणायला सांग. मुलाला शिकवणारी थेरपी शिक्षणातच धरली जाते.

शाळेचं नाव सगळ्यात शेवटी, आय विभागात. मसुद्यात ती जागा कोरीच असते. आम्ही आधी चार शाळा पाहून आलो होतो. साध्या शाळेतलं लहान युनिट आम्हाला पटलं, आठ मुलं, शांत खोली, आणि संगीताच्या तासाला मोठ्या वर्गात. शाळा ‘जागा भरल्या’ म्हणाली. तू सरकारी शाळा किंवा अकॅडमी मागितलीस तर काउन्सिलला नकाराची कारणं मोजकीच आहेत. ती शाळा मुलाच्या वयाला, कुवतीला किंवा गरजांना योग्य नाही, किंवा इतर मुलांच्या शिक्षणाला बाधा येते, किंवा पैशाचा नीट विनियोग होत नाही. नुसतं ‘भरली’ हे त्यात बसत नाही. आम्ही तसं लिहिलं आणि सप्टेंबरात तो त्या युनिटमध्ये गेला. ऑक्टोबरात एकदा मोबाइल वाजला तर माझे हात थरथरायला लागले. शाळेचाच होता. त्याने वर्गात पहिल्यांदा हात वर करून ‘माय टर्न’ म्हटलं, हे सांगायला केलेला.

*

प्रेषक: स्पीच अँड लँग्वेज थेरपिस्ट, मंडळाची सभासद

वरच्या पत्राला पूर्ण दुजोरा. फक्त भाषेबद्दल लिहिते, कारण ‘मराठी बंद करा’ हे वाचून जीव तुटला.

बंद करू नका. दोन भाषांमुळे ऑटिझम असलेल्या मुलाचं बोलणं मागे पडतं, याला संशोधनाचा आधार नाही, आणि आमच्या रॉयल कॉलेजचा (थेरपिस्टांच्या व्यावसायिक संस्थेचा) सल्लाही घरची भाषा चालू ठेवा असाच आहे. आई ज्या भाषेत लाडाने, न अडखळता, गोष्टी रचून बोलते त्याच भाषेत मूल शिकतं. ती काढून घेतली तर त्याच्याशी घरात नीट बोलणारंच कुणी उरत नाही.

ज्या इंग्रजीमुळे तुम्हाला थांबवलं जातंय, त्याचं उत्तरही मराठीतच आहे. अडचण केवळ नवीन भाषेची असती तर मराठीत तो त्याच्या वयाप्रमाणे बोलला असता. भाषेची खरी अडचण दोन्ही भाषांत दिसते. म्हणून अर्जात त्याच्या मराठीबद्दल नेमकं लिहा. तहान लागली तर ‘पाणी दे’ म्हणतो की तुमचा हात धरून नळाकडे नेतो? स्वतःला हवं असताना ‘तुला पाणी हवं’ म्हणतो का? तुमचं ऐकून ‘मी जाते’, ‘मी आले’ म्हणतो का? (लहानपणी बरेच मुलगे थोडे दिवस म्हणतात, सहाव्या वर्षी चालू असेल तर जरूर लिहा.) ‘का’ आणि ‘कधी’ला उत्तर देतो का? तपासणी मराठी दुभाष्यासह, दोन्ही भाषांत व्हावी अशी मागणी पहिल्या पत्रातच करा.

*

प्रेषक: एक बाबा, लंडनहून

व्हिसाबद्दल. ईएचसीपी आणि शाळेतली मदत ‘पब्लिक फंड्स’मध्ये (व्हिसावरच्या लोकांना सहसा बंद असलेल्या सरकारी मदतीत) मोडत नाही. आमचीही योजना स्किल्ड वर्कर व्हिसावर असतानाच झाली. मात्र डीएलए (अपंगत्वाचा भत्ता) आणि केअरर्स अलाउन्स (काळजी घेणाऱ्याचा भत्ता) हे पब्लिक फंड्स आहेत. व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ लिहिलेलं असेल तर इमिग्रेशनच्या जाणकाराला विचारल्याशिवाय त्यांचा अर्ज करू नका. प्रेमाने सल्ला देणारे लोक या दोन गोष्टी हमखास एकत्र करतात.

आयटीतल्या मंडळींसाठी आणखी एक. नोकरीपायी इंग्लंडमध्येच दुसऱ्या गावी गेलात तर योजना तुमच्याबरोबर येते, नव्या काउन्सिलला ती स्वीकारावी लागते. घर भाड्याने घेण्याआधी तिथल्या शाळा बघून या.

*

प्रेषक: एडिंबराहून

हे सगळं इंग्लंडपुरतं आहे, हे आमच्याकडच्या वाचकांनी लक्षात घ्यावं. स्कॉटलंडमध्ये 2004 चा वेगळा कायदा आहे आणि इथल्या योजनेला कोऑर्डिनेटेड सपोर्ट प्लॅन म्हणतात, त्याच्या अटीही वेगळ्या. वेल्समध्ये 2018 च्या कायद्याने आयडीपी (इंडिव्हिज्युअल डेव्हलपमेंट प्लॅन) ही योजना आली आहे. आमच्याकडे कुणाला मदत हवी असेल तर मंडळाकडून माझा नंबर घ्या. संध्याकाळी सातनंतर कधीही.

*

प्रेषक: कार्यकारिणी (मूळ सभासदाकडून)

सर्वांना,

तुमची पत्रं मिस्टरांना मोठ्याने वाचून दाखवली. सासूबाईंनाही व्हिडिओ कॉलवर वहीचा भाग वाचून दाखवला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘तो टेबलाखाली जातो हे तू मला कधी सांगितलंच नाहीस.’ खरं आहे, नव्हतं सांगितलं.

काल, 10 नोव्हेंबरला, अर्जाचा ईमेल पाठवला. आज पोच आली. सहा आठवडे 22 डिसेंबरला पूर्ण होतात, कालनिर्णयवर त्या चौकोनात खूण केली आहे. शुक्रवारी पुन्हा दुपारचा फोन आला होता. त्याला घरी आणलं आणि संध्याकाळी चार ओळी लिहिल्या. सेन्को मॅडमनी सोमवारी स्वतः फोन करून यावर बोलू या म्हटलं.

थेरपिस्ट ताईंसाठी: हो, ‘मी जाते’च म्हणतो. मला ते गोड वाटायचं, त्यामुळे कुणाला सांगावंसं वाटलं नाही. आता लिहून ठेवते आहे.

एक विनंती. काउन्सिलने ए विभागासाठी त्याच्याबद्दल एक पान मागितलं आहे, त्याला काय आवडतं, आम्हाला त्याच्यासाठी काय हवंसं वाटतं. दोनदा लिहिलं, दोन्ही वेळा फक्त तक्रारींची यादी झाली. कुणी बघून देईल का?

*

प्रेषक: एक आई, मिडलँड्सहून

अगं, कार्यकारिणीला माझा नंबर द्यायला सांगितलंय. शनिवारी सकाळी फोन कर, कागद समोर घेऊन बसू. बसचे नंबर कुठून कुठपर्यंत येतात ते त्याला विचारून ठेव, सुरुवात तिथूनच करू.