मदत हवी आहे: 'स्ट्रॅटेगोस' म्हणजे नक्की काय?

गवाक्ष:
या ग्रीक लष्करी पदाचा अर्थ तातडीने हवाय. शब्दकोशात 'सेनापती' दिलंय, पण माझ्या मजकुरात बसत नाही. व्युत्पत्तीही सांगा. रात्री मजकूर द्यायचाय.

मनमौजी:
कुठला मजकूर, कुठला काळ? अथेन्समध्ये असे दहा जण असत. दरवर्षी सभेत हात वर करून निवडायचे. बाकी बरीच पदं चिठ्ठ्यांवर, युद्धाचं मात्र नाही. तिथला नेता पेरिक्लीस सलग १५ वर्षं निवडून आला.

सह्यकडा:
सरळ 'सरनौबत' लिहा. मराठी वाचकाला लगेच कळतं.

मनमौजी:
अजिबात नको. सरनौबताला राजा नेमायचा. इथे लोकच निवडत आणि लोकच शिक्षा करत. इ.स.पू. ४०६ मध्ये आर्गिनुसीची लढाई जिंकूनही सहा जणांना मृत्युदंड झाला, बुडत्या खलाशांना वाचवलं नाही म्हणून.

सह्यकडा:
मग आपलेच शब्द वापरायचे नाहीत का कुणी?

वाटसरू:
मॅरेथॉनच्या लढाईत निर्णायक मत कॅलिमाकसचं होतं, आणि तो 'पोलेमार्क', म्हणजे युद्धप्रमुख होता. 'पोलेमोस' म्हणजे युद्ध.

गवाक्ष:
पोलेमार्क नाही विचारला हो.

शब्दवेल:
'स्ट्रॅटोस' म्हणजे सैन्य, मुळात पसरलेला तळ. 'आगेइन' म्हणजे हाकणे, नेणे. संस्कृतात याच मुळांचे भाऊबंद आहेत: 'स्तृ' (त्यातून विस्तार, आस्तरण) आणि 'अज्' (अजति, हाकतो). म्हणजे सैन्य हाकणारा. 'स्ट्रॅटेजी'ही त्यातूनच. पण तुमचं वाक्य तरी टाका!

गवाक्ष:
अरे हो, राहिलंच. नाण्यावर खरोष्ठी लिपीत आहे: 'इंत्रवर्मपुत्रस अस्पवर्मस स्त्रतेगस जयतस'.

मनमौजी:
हे आधी सांगायचं ना! मग अथेन्स विसरा.

जुनेनाणे:
नाणं चिंचेने घासू नका, लेख जाईल.

गवाक्ष:
नाणं माझं नाही, फोटोवरून लिहितोय.

शब्दवेल:
हा अस्पवर्मन आजच्या पाकिस्तानातल्या बाजौरकडच्या अप्रच घराण्यातला, इ.स. पहिल्या शतकातला. दुसऱ्या बाजूला अझेस राजाचं नाव असेल बघा. म्हणजे हा राजाखालचा, पण प्रदेश याच्या हाती. अलेक्झांडरनंतर या पदात प्रांताचा कारभारही आला होता, म्हणून नुसतं 'सेनापती' अपुरं पडतंय. मूळ शब्द 'स्त्रतेग' तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'लष्कर आणि मुलूख दोन्ही सांभाळणारा' असं लिहा. ग्रीक शब्द आपल्या प्राकृताची षष्ठी लावून नाण्यावर बसलाय, तो पुसू नका.

गवाक्ष:
हो, अझेस आहे! असंच लिहितो. आणि 'जयतस'?

शब्दवेल:
विजयी. तीही षष्ठीच.