मदत हवी आहे: पेन्झान्सच्या जुबिली पूलचे (म्हणजे पोहण्याच्या तलावाचे) जुने फोटो कोणाकडे आहेत का?

नमस्कार मंडळी, इंग्लंडात कॉर्नवॉलला पेन्झान्सच्या आसपास कोणी राहिलंय का, किंवा कोणाचे आईबाबा पूर्वी तिकडे डॉक्टर-नर्स म्हणून होते का? लेकीला शाळेत जुबिली पूलवर प्रोजेक्ट करायचाय. अगदी समुद्राला चिकटून असलेला तो पांढरा त्रिकोणी उघडा पूल, १९३५ मध्ये पाचव्या जॉर्जच्या रौप्यमहोत्सवात सुरू झालेला, आत समुद्राचंच पाणी. २०१४ च्या वादळात पार मोडतोड झाली, मग दुरुस्त होऊन २०१६ ला परत उघडला आणि २०२० पासून एक भाग जमिनीखालच्या उष्णतेने गरम असतो (आमची मालवणची आई म्हणाली, मग तो समुद्र कसला, गरम पाण्याचं कुंडच की!).

ही सगळी माहिती नेटवर मिळते हो, पण बाईंना माणसांच्या आठवणी हव्यात, आणि आपल्या लोकांच्या मिळाल्या तर लेक जाम खूश होईल. साडी खोचून पाण्यात पाय सोडून बसलेल्या कोणाच्या काकू, थंडीने दात वाजवणारी पोरं, काहीही चालेल. फोटो असेल तर साधारण कोणत्या साली काढला तेवढं नक्की लिहा. आणि जुन्या स्लाइड्स घरच्या घरी मोबाईलने नीट कशा कॉपी करायच्या तेही सांगा प्लीज, पुढच्या सोमवारी द्यायचंय.