मदत हवी आहे : टर्बो गाडीसाठी स्पार्क प्लग कोणते घ्यावेत?

माझ्या १.० लिटर, तीन सिलिंडरच्या टर्बो पेट्रोल गाडीचे इंजिन चढावर टर्बोचा दाब वाढला की क्षणभर अडखळते. प्लग काढून पाहिले तेव्हा मधल्या प्लगच्या इलेक्ट्रोडची कड झिजून गोलसर झालेली दिसली आणि फीलर गेजने मोजल्यावर ०.७ मिमीऐवजी ०.९ मिमी फट भरली. दाब वाढल्यावर ठिणगीला ही फट ओलांडण्यासाठी जास्त व्होल्टेज लागते, त्यामुळे दोष इथेच असावा असे मला वाटते. नवे प्लग इरिडियमचेच घेणार आहे. मात्र इंजिनात काहीही फेरफार केलेला नसताना एक पायरी थंड (म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा) प्लग बसवल्यास, विशेषतः रोजच्या छोट्या फेऱ्यांमध्ये, त्यावर काजळी धरेल का? तसेच मुलामा दिलेल्या आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचा लेप) न लावता, इंजिन थंड असताना टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोर मोजून आवळायच्या पान्याने) प्लग आवळावेत ना? अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.