संशोधनातील ‘अपेक्षा’: अंदाज, मागणी की आणखी काही?

प्रश्न (धुळे): कापूस उत्पादकांच्या भावविषयक अपेक्षा हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. प्रश्नावलीच्या पूर्वचाचणीत ‘यंदा कापसाला किती भावाची अपेक्षा आहे?’ असे विचारले असता शिरपूर तालुक्यातील बहुतेकांनी ‘दहा हजार तरी मिळायलाच पाहिजेत’ अशा धर्तीची उत्तरे दिली. मला त्यांचा अंदाज हवा होता. अर्थशास्त्राच्या मराठी पुस्तकांत हाच शब्द आहे, म्हणून तो बदलू नये, असे मार्गदर्शकांचे मत आहे. इतर शास्त्रांत ‘अपेक्षा’ कोणत्या अर्थाने येते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (अमळनेर): ताई, शेतकऱ्यांचे उत्तर चुकलेले नाही, त्यांनी ऐकलेल्या शब्दाला ते अगदी धरून आहे. लग्नाच्या बैठकीत वरपक्ष ‘आमची काही अपेक्षा नाही’ असे म्हणतो, तेव्हा तो भविष्याचा अंदाज वर्तवीत नसतो, तर मागणी नसल्याचे सांगत असतो (ते कितपत खरे मानायचे, हे वधूपक्षाला ठाऊक असते). संस्कृतात या शब्दाला गरज आणि संदर्भ असेही अर्थ आहेत. ‘सापेक्ष’ व ‘निरपेक्ष’ या शब्दांत ते टिकून आहेत, आणि आपण रोज तुलनेसाठी वापरतो तो ‘पेक्षा’ही तिथूनच आला आहे.

शास्त्रांमध्ये हा शब्द वाचताना मी एकच गोष्ट आधी पाहतो: या अपेक्षेला धनी कोण? संभाव्यताशास्त्रात तिला धनीच नाही. हायगेन्स यांच्या १६५७ च्या पुस्तिकेपासून रुळलेले ‘अपेक्षित मूल्य’ ही निव्वळ भारित सरासरी (प्रत्येक शक्यतेला तिच्या संभाव्यतेइतके वजन देऊन काढलेली) आहे. फाशाचे अपेक्षित मूल्य ३.५ येते, पण साडेतीन पडण्याची वाट कोणीही पाहत नाही.

औषधांच्या चाचणीत मात्र धनी दोन असतात, रुग्ण आणि वैद्य. म्हणूनच खरी गोळी कोणाला मिळाली, हे दोघांपासूनही लपवून ठेवतात. संशोधक स्वतःच धनी असतो तेव्हा काय होते, हे रोझेन्थाल आणि फोड यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दिसते. एकाच प्रकारचे उंदीर विद्यार्थ्यांना वाटून, काहींना ‘तुमचे उंदीर हुशार वाणाचे आहेत’ आणि काहींना ‘तुमचे मंद वाणाचे आहेत’ असे सांगण्यात आले. भूलभुलैयात ‘हुशार’ ठरवलेले उंदीर खरोखरच सरस ठरल्याची नोंद झाली. हुशार म्हटलेल्या उंदरांना विद्यार्थ्यांनी अधिक मायेने हाताळले होते, म्हणजे अपेक्षा डोक्यातून हातात उतरली होती. इथे ‘पूर्वग्रह’ हा शब्द पुरेसा नाही, कारण त्यात मत येते, पण त्या मतामुळे पुढे घडणारी कृती येत नाही.

अर्थशास्त्रात धनी म्हणजे ज्यांचा अभ्यास करायचा तीच माणसे. लोक मागील भावावरून पुढच्या भावाचा अंदाज ठरवतात, असे एक गृहीतक. हाती असलेली सगळी माहिती वापरून ठरवतात, असे दुसरे, जे जॉन म्यूथ यांनी १९६१ मध्ये मांडले. २०२२ मध्ये कापसाने क्विंटलला दहा हजारांचा टप्पा ओलांडला आणि पुढच्या हंगामात खान्देशात अनेकांनी त्याच भावाची वाट पाहत कापूस घरात भरून ठेवला, तेव्हा पहिले गृहीतक ओसरीतच रचलेले दिसत होते. आपल्याला मोजायची आहे ती हीच अपेक्षा. प्रबंधात हा शब्द ठेवावा, प्रश्नावलीतून काढावा.

प्रतिसाद (जळगाव): १९१६ पासून तत्त्वज्ञान केंद्र असलेल्या अमळनेरहून उत्तर यावे आणि त्यात न्यायशास्त्र (भारतीय तर्कशास्त्राची परंपरा) नसावे, याचे नवल वाटले. वाक्यार्थासाठी नैयायिक, म्हणजे या शास्त्राचे पंडित, ‘आकांक्षा’ (एका शब्दाने दुसऱ्याची मागणी करणे) आवश्यक मानतात. ‘गाय, घोडा, माणूस, हत्ती’ असे नुसते शब्द उच्चारले तर वाक्य होत नाही. मेंदूतही हेच दिसते: मेंदूसंशोधक कुटास आणि हिलयार्ड यांनी १९८० मध्ये ‘त्याने गरम पावाला मोजे लावले’ अशा अर्थाची वाक्ये वाचायला देऊन दाखवले की विसंगत शब्दानंतर सुमारे ४०० मिलिसेकंदांनी मेंदूत विशिष्ट विद्युत्‌तरंग उमटतो. भाषाविज्ञानात या अपेक्षेला ‘आकांक्षा’च म्हणावे.

उत्तर (अमळनेर): सर, टोला मान्य, सूचना मान्य नाही. ‘पावाला मोजे लावले’ या वाक्यात कर्ता, कर्म, क्रियापद सारे जागच्या जागी आहे, म्हणजे आकांक्षा पूर्ण झालेली आहे. मोडली आहे ती ‘योग्यता’ (शब्दांच्या अर्थांचा एकमेकांशी मेळ), जशी ‘विस्तवाने शिंपतो’ या शास्त्रातल्या नेहमीच्या उदाहरणात मोडते. शिवाय आकांक्षा म्हणजे एका पदाला दुसऱ्या पदाची असलेली गरज. कुटास-हिलयार्ड यांचा तरंग मात्र वाचणाऱ्याच्या मेंदूत उठतो, आणि शब्द जितका अनपेक्षित तितका तो मोठा असतो, असे त्यांनीच पुढे दाखवले. धनी बदलला की शब्दही बदलायला हवा. तिथे ‘वाचकाची अपेक्षा’ असे लिहिल्यास घोटाळा होणार नाही.

ताईंच्या प्रश्नावलीसाठी: अहिराणीत ‘यंदा कापूसले काय भाव भेटी, असं तुमले वाटस?’ असे विचारावे. ‘किती मिळायला हवा?’ हा प्रश्नही ठेवावा, पण वेगळा आणि आधी. मनातली मागणी एकदा बोलून झाली की पुढच्या प्रश्नाला अंदाज मोकळेपणाने येण्याची शक्यता वाढते, आणि दोन आकड्यांतले अंतर प्रबंधात स्वतंत्रपणे तपासता येईल.