फोटो काढा, नाव द्या, सोडून द्या म्हणे!

भिंगवाला
काल एकच पोस्ट चौघांनी पाठवली. मजकूर असा: "पाणभुंगेऱ्याची नवी प्रजाती सापडली म्हणून टाळ्या वाजवताय, पण शोधनिबंध उघडून बघा. सगळे नमुने मेलेले, टाचणीला टोचलेले. खिशात एवढे चांगले कॅमेरे असताना ही हत्या कशाला? फोटो काढा, नाव द्या, सोडून द्या." एरवी सोडून दिलं असतं, पण पाठवणाऱ्यांत दोघं प्राणिशास्त्र शिकलेले निघाले, म्हणून हा प्रपंच.

आधी टाचणीचं. दोन-तीन मिलिमीटरच्या भुंगेऱ्याला टाचणी टोचलीत तर हातात टाचणीच उरेल. तो पुठ्ठ्याच्या कपच्यावर चिकटवतात आणि टाचणी पुठ्ठ्यातून जाते.

आता फोटोचं. पाणभुंगेऱ्यांच्या हायड्रोफिलिडी कुळात सुमारे तीन हजार प्रजाती आहेत. त्यातल्या लॅकोबियससारख्या वंशात कितीतरी प्रजाती वरून जुळ्या दिसतात. फरक असतो नराच्या जननेंद्रियात. सुकलेला नमुना कोमट पाण्यात मऊ करायचा, तो अवयव अलगद ओढून काढायचा, पोटॅशमध्ये साफ करायचा, ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली त्याचं चित्र काढायचं. मग जवळच्या प्रत्येक प्रजातीच्या होलोटाइपशी, म्हणजे नाव देताना ठरवलेल्या मूळ नमुन्याशी, ताडून बघायचं. तो होलोटाइप दुसऱ्या खंडातल्या संग्रहालयात असतो, आणि मूळ वर्णन "काळा, गोलसर, चकचकीत" एवढंच, म्हणजे निम्म्या कुळाला लागू. जाळी फिरवून भुंगेरा पाच मिनिटांत मिळतो. तो आधी कुणीच नोंदवलेला नाही हे दाखवण्यात वर्षं जातात. नवा नमुना गोळा होण्यापासून त्याचं वर्णन छापून येईपर्यंत सरासरी 21 वर्षं जातात, असं 2012 च्या एका अभ्यासात आलं होतं. हे काम मोबाइल करणार?

ओंजळ
ती पोस्ट माझी नाही, पण माझंही मत तेच, त्यामुळे शिव्या इकडे पाठवा.

मेलेला नमुना हवाच, असं तुमच्या नियमांतही नाही. 2015 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका माशीचं वर्णन निव्वळ फोटोंवरून झालं आणि नाव ग्राह्य धरलं गेलं. 2006 मध्ये अरुणाचलमधल्या ईगलनेस्टच्या बुगुन लिओसिक्ला पक्ष्याचं वर्णन गळालेली पिसं, फोटो आणि आवाजाच्या नोंदी यांवर झालं. पक्षी मारला नाही. आकाश कोसळलं का?

आणि एक डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. रात्री किडे ओढायला पडद्यामागे दिवा लावून बसलेले संशोधक. सकाळी अल्कोहोलची बरणी गळ्यापर्यंत भरलेली. त्यातला हवा तो एक भुंगेरा उचलला. बाकीच्यांचं काय झालं असं विचारलं, तर उत्तर आलं, "बघू कधीतरी." हे विज्ञान नाही, हावरटपणा आहे.

भिंगवाला
ती माशी लाकूड पोखरणाऱ्या सुतार मधमाशीची हुबेहूब नक्कल करणारी, फोटोत उठून दिसणारी. पक्षी तर रंगावरून आणि गाण्यावरून ओळखला. माझा भुंगेरा गात नाही हो! एकाच नमुन्यावर थांबलो, तर छोटा आकार ही प्रजातीची खूण की त्या एका बिचाऱ्याची उपासमार, हे कसं कळणार? म्हणून पॅराटाइप, म्हणजे होलोटाइपच्या जोडीचे जादा नमुने, लागतात.

बरणीबद्दल मात्र तुमचं खरं आहे. दिवा लावणारे बरेच, भिंगाखाली बसणारे थोडे. घ्या, झालं समाधान? बाकी ज्या डबक्यातून दहा भुंगेरे घेतले म्हणून गळे काढताय, ते डबकंच बुजवतात तेव्हा तुमची ओंजळ कुठे असते?

ओंजळ
तिथेच असते. तुम्ही भिंगात बघत असता, म्हणून दिसत नाही.

जुना जाळीवाला
तुमचं चालू द्या, पण माझं जुनं दुखणं ऐका. हौशी माणूस. पाणभुंगेऱ्यांच्या कुळातले कितीतरी भाऊबंद पाण्यात नसतात, शेणात असतात, हे इथल्या पंडितांना माहीत असेलच. भर पावसात शेण चिवडून मी नमुने जमवले, जागा-तारखेसकट लेबलं लिहिली आणि एका अभ्यासकाकडे पाठवली. निबंध आला. आभारांत शेवटच्या ओळीत माझं नाव, तेही चुकीचं. आणि प्रजातीला नाव दिलं त्यांच्या गुरुजींचं, ज्यांनी जन्मात शेणात हात घातला नसेल. आधी हे ठरवा की शोधलं कुणी!

राणी मुंगी
अवांतर, पण जाळीवाल्यांना +१. नावांचा बाजार झालाय सगळा. बोलिव्हियातल्या एका माकडाचं नाव लिलावात साडेसहा लाख डॉलरला एका ऑनलाइन कॅसिनोने घेतलं, 2006 मध्ये ते छापूनही आलं.

भिंगवाला
ते पैसे तिथल्याच मादिदी राष्ट्रीय उद्यानाच्या रक्षणाला गेले, हेही सांगा की.

राणी मुंगी
आणि स्लोव्हेनियाच्या गुहांतला तो आंधळा भुंगेरा? 1937 मध्ये हिटलरचं नाव दिलं. आज त्या नावापायी शौकीन त्याची शिकार करतात. 2023 मध्ये प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय नामकरण आयोगाने सांगून टाकलं की नैतिक कारणांसाठी नावं बदलणार नाही. हा कसला नियम?

भिंगवाला
बदलायला लागलो तर थांबायचं कुठे? आज हिटलर, उद्या कुणाच्या शेजाऱ्याच्या भावना दुखावतील. नाव ही खूणगाठ आहे, सत्कार नाही.

जुना जाळीवाला
वा! सत्कार नाही, तर गुरुजींचं कशाला दिलंत? आमच्या वेळी मात्र खूणगाठ!

भिंगवाला
मी दिलं नाही. माझ्यावर का घसरताय?

जुना जाळीवाला
सगळे एका माळेचे मणी.

पाणकोळी
जरा थंड घ्या. या कुळावर एवढं भांडताय आणि रेजिम्बार्टियाचं कुणी बोलतच नाही? 2020 चा जपानी प्रयोग. बेडकाने तो पाणभुंगेरा गिळला, तर नव्वद टक्क्यांहून जास्त भुंगेरे सहा तासांच्या आत मागच्या दाराने जिवंत बाहेर! सर्वांत घाईचा सहा मिनिटांत. पायांना मेण लावलं तेव्हा एकही सुटला नाही, म्हणजे आतडं चालत पार करतात. त्याच कुळातला दुसरा भुंगेरा दिला, तो पचला.

ओंजळ
बघा, जिवंत ठेवला म्हणून कळलं.

भिंगवाला
आणि एक सुटतो, दुसरा पचतो, हे कुठल्या नावाने लिहिणार होतात? आधी कुणीतरी दोघांना मारून, वेगळं करून, नावं दिली होती म्हणून लिहिता आलं. बरं, जाळीवाले, शेणातले नमुने अजून असतील तर पाठवा. नर असले तर बघतो. निबंधात लेखक म्हणून नाव घालेन, आभारांत नाही.

जुना जाळीवाला
पाठवतो. पण लेबल माझंच राहील, आणि नावात एक वेलांटी जरी हलली तरी पुढची बरणी बेडकाला घालीन. तिथून निदान जिवंत परत तरी येतात.