प्लासिबो मिळाला तर?

औषधाच्या चाचणीत काही बाळांना प्लासिबो, म्हणजे औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं काहीतरी, देतात. ‘माझ्या बाळावर खोट्या औषधाचा प्रयोग कशाला?’ हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. पण एक उदाहरण देते. दूध पिताना किंवा प्यायल्यावर तासाभरात कळवळून रडणाऱ्या बाळांना वर्षानुवर्षं आम्ल कमी करणारी औषधं सर्रास दिली जायची. २००९ साली त्यातल्याच एका औषधाची, लॅन्सोप्रॅझोलची, चाचणी प्रसिद्ध झाली. १६२ तान्ही बाळं, निम्म्यांना औषध, निम्म्यांना प्लासिबो. चार आठवड्यांत आराम पडलेली बाळं किती? औषधाच्या गटात ८१ पैकी ४४ आणि प्लासिबोच्याही गटात ८१ पैकी ४४! वर गंभीर त्रास झालेली बाळं औषधाच्या गटात १०, दुसरीकडे २. प्लासिबोचा गट नसता तर आराम पडलेल्या ४४ बाळांचं श्रेय औषधाच्याच खात्यावर जमा झालं असतं. बाळं मोठी होतात तसं रडणं आपसूक ओसरतं, हेही ध्यानात आलं नसतं.

खाण्याच्या तक्रारींचे अभ्यास मात्र किचकट. कुणाला खरा उपचार मिळतोय हे अशा चाचणीत गुप्त ठेवतात; पण घास तोंडात धरून बसणाऱ्या मुलाला थेरपी चालू आहे हे आईपासून लपवणार कसं? शिवाय मुलांच्या खाण्याच्या विकाराच्या २०१९च्या व्याख्येत आजार, पोषण, चावण्या-गिळण्याचं कौशल्य आणि मानसिक-सामाजिक बाजू असे चार पदर आहेत. सुधारणा नेमकी कशात मोजणार, वजनात की जेवणावेळच्या रडारडीत?

सहभागी होण्याआधी संमतिपत्र घरी आणून निवांत वाचा. रक्त किती वेळा काढणार आणि एन्डोस्कोपी (कॅमेऱ्याची नळी घालून केलेली आतली तपासणी) एरवीही झालीच असती की केवळ अभ्यासासाठी आहे, एवढं नक्की विचारा. मध्येच बाहेर पडता येतं, त्यासाठी कारण द्यावं लागत नाही.